एकदाच वाजलेली घंटा

कोकणात वळवाचा पाऊस येतो तेव्हा त्याच्या आधी विजा येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमच्या घरापासून दोनेकशे पावलांवरच्या माडावर वीज पडली. माड जळाला, ते समजण्यासारखं होतं. पण घरातला टेलिफोन आणि टीव्हीही जळाला, ते मला समजेना. वीज घरावर पडली नव्हती, घराकडे येणाऱ्या तारेवरही पडली नव्हती. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "वायरीतनं आली." पण वायरीत कुठून आली, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी विजेच्या कार्यालयात गेलो. तिथं नोंदवहीत दोन शब्द लिहिले होते : 'लाइन फॉल्ट'.

तसं पाहिलं तर उत्तर शाळेच्या पुस्तकातच होतं. चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो. ते जितकं झपाट्यानं बदलेल तितका दाब जास्त. हा फॅरेडेचा नियम. पण नियम माहीत असणं आणि 'आमच्या टेलिफोनच्या तारेत त्या संध्याकाळी किती व्होल्ट आले असतील' हे सांगता येणं, यात फार अंतर आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची. ते अंतर कापायला मला बरीच वर्षं लागली. वाटेत विजेसंबंधीच्या पुस्तकांच्या तळटीपांमध्ये एक विचित्र संदर्भ वारंवार भेटू लागला : 'सेन्सर अँड सिम्युलेशन नोट क्रमांक अमुक', 'इंटरॅक्शन नोट क्रमांक तमुक'. ते ना पुस्तक होतं, ना नियतकालिक. अमेरिकेत असलेल्या भाच्याला विचारलं, त्यानं काही टिपणं छापून आणली. आणि आकाशातल्या विजेचा शोध घेता घेता मी एका वेगळ्याच विजेपाशी, आणि तिचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या माणसांपाशी येऊन पोचलो.

या माणसांची अडचण जगावेगळी होती. ज्या घटनेचा अभ्यास करायचा, ती मोजक्या वेळा घडून गेलेली, तीही अपुरी मोजलेली. आणि ती पुन्हा घडवायची नाही असं जगानं ठरवलेलं. एकदाच वाजलेल्या घंटेचा नाद कागदावर उभा करायचा, असं ते काम. ते त्यांनी कसं केलं, आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

होनोलुलूचे दिवे

८ जुलै १९६२ची रात्र, हवाईतल्या घड्याळांत अकराचा सुमार. प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन नावाच्या चिमुकल्या बेटावरून अमेरिकेनं एक क्षेपणास्त्र सोडलं. त्यावर १.४ मेगाटन क्षमतेचा अणुबाँब होता. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ बाहेर, त्याचा स्फोट करण्यात आला. चाचणीचं नाव 'स्टारफिश प्राइम'. तिथून सुमारे १४०० किलोमीटरवर असलेल्या होनोलुलूत लोक हॉटेलांच्या गच्च्यांवर जमून वाट पाहत होते. आकाश उजळलं, रंग पसरले. आवाज आला नाही, धक्का बसला नाही.

पण त्याच क्षणी शहरातले सुमारे ३०० पथदिवे गेले. चोरघंटा आपोआप वाजू लागल्या. बेटांमधला टेलिफोनचा एक सूक्ष्मलहरी दुवा बंद पडला.

असा काहीतरी विद्युत परिणाम होतो हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं असं नाही. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला, तेव्हाच एन्रिको फर्मी यांच्या अंदाजावरून मोजणीच्या तारांना धातूचं कवच घातलेलं होतं, काही ठिकाणी दुहेरी. तरीही स्फोटाच्या क्षणी तारांत शिरलेल्या उपऱ्या विजेमुळे अनेक नोंदी वाया गेल्या. ब्रिटिशांनी पुढे त्यांच्या चाचण्यांमध्ये याला 'रेडिओफ्लॅश' म्हटलं. मात्र हा सगळा स्फोटाच्या आसपासचा, एक त्रासदायक अडथळा मानला गेला. १४०० किलोमीटरवरच्या शहरातले दिवे जातील, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. स्टारफिशचा स्पंद अपेक्षेपेक्षा इतका मोठा निघाला की बरीचशी उपकरणं पट्टीबाहेर गेली. म्हणजे मोजण्याची संधी आली तेव्हा मापच तोकडं पडलं.

वळणारे इलेक्ट्रॉन

हे कोडं उलगडण्यात मोठा वाटा होता कॉनरॅड लाँगमायर या लॉस अलामोसच्या भौतिकशास्त्रज्ञाचा. त्यांनी १९६२च्या चाचण्यांच्या नोंदी पाहून जे स्पष्टीकरण दिलं, ते थोडक्यात असं.

स्फोटातून गॅमा किरण निघतात. ते पोकळीतून खाली येतात आणि जमिनीपासून २० ते ४० किलोमीटर उंचीवर, जिथं हवा पुरेशी दाट होते, तिथं हवेच्या रेणूंवर आदळतात. प्रत्येक टक्करीत एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि प्रकाशाच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वेगानं पुढे धावतो. आतापर्यंतचा हिशेब इथपर्यंत होता. पण पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र आहे. धावणारा इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात सरळ जाऊ शकत नाही, तो वळतो. आणि वळणारा विद्युतभार लहरी सोडतो.

एका इलेक्ट्रॉनच्या लहरीची काय मातब्बरी! एका टाळाचा आवाज गावाबाहेर जात नाही. पण दिंडीतले हजारो टाळ अगदी एका क्षणी पडले तर? हे इलेक्ट्रॉन गॅमा किरणांच्या लाटेबरोबर, जवळजवळ तिच्याच वेगानं पुढे सरकत वळतात. त्यामुळे त्या अगणित लहरी एकमेकींवर नेमक्या बसतात आणि जमिनीवर एकच प्रचंड ठोका पोचतो. तो इतक्या लांब पोचतो याचं कारण साधी भूमिती : ४०० किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २२०० किलोमीटरवर असतं. तेवढ्या वर्तुळातला सगळा प्रदेश त्या स्फोटाच्या नजरेत असतो.

हा ठोका किती मोठा आणि किती झटपट, याचा एक ठरीव आकार पुढे आंतरराष्ट्रीय मानकात आला : कमाल क्षेत्र मीटरमागे ५०,००० व्होल्ट, आणि ते चढायला लागणारा वेळ २.५ नॅनोसेकंद. एका सेकंदाचे चाळीस कोटी भाग केले तर त्यातला एक. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाऊण मीटर जातो. आकाशातली वीज याच्या तुलनेत शेकडो पटींनी सावकाश चढते. म्हणून विजेपासून वाचवणारी साधनं इथं पुरतीलच असं नाही. ती जागी होईपर्यंत ठोका आत गेलेला असतो.

या पहिल्या ठोक्यामागून आणखी दोन भाग येतात. दुसरा साधारण विजेसारखा. तिसरा अगदी संथ, सेकंद-मिनिटं चालणारा. स्फोटानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवल्यामुळे येणारा. तो लांबच लांब तारांमध्ये शिरतो आणि रोहित्रांना त्रास देतो. सूर्यावरच्या वादळांमुळेही असंच होतं. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली वीज अशाच एका वादळानं नऊ तास घालवली; साठ लाख लोक अंधारात राहिले. तिथं बाँब नव्हता, पण गणिताचा बराच भाग तोच होता.

चाचण्या संपल्या, काम सुरू झालं

५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी मॉस्कोत करार केला : वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करायच्या नाहीत. जगाच्या दृष्टीनं ही सुटकेची गोष्ट होती. पण या स्पंदाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. विमानं, क्षेपणास्त्रं, टेलिफोनची जाळी या ठोक्यात टिकतील का, हे आता तपासायचं कसं?

त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की इथं, अमेरिकी वायुदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेत तेवीस वर्षांचे एक अधिकारी रुजू झाले. नाव कार्ल बाउम. पुढची चार दशकं, आधी गणवेशात आणि नंतर नागरी शास्त्रज्ञ म्हणून, ते तिथंच राहिले. कॅल्टेकची डॉक्टरेट त्यांनी नोकरीत असताना १९६९ साली मिळवली. ते संगीतरचनाही करत.

बाउम यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. त्यातली पहिली मोजण्याची. अशा स्पंदासाठी सेन्सर बनवला तरी तो बरोबर दाखवतो हे ठरवायचं कशावरून? तुलनेसाठी दुसरा भरवशाचा मापक नाही, आणि खरा स्पंद तर मिळणारच नाही. बाउम यांचा मार्ग असा : सेन्सरचा आकारच असा निवडायचा की त्याचा प्रतिसाद कागदावर गणितानं काढता येईल. धातूची विशिष्ट वक्रता, विशिष्ट फट, विशिष्ट वेटोळं. मग तो सेन्सर स्वतःच प्रमाण ठरतो, कारण त्याचं उत्तर त्याच्या भूमितीत असतं. सोनाराकडचं वजन बरोबर की चूक हे दुसऱ्या वजनानं नव्हे, तर ते कशापासून आणि किती आकाराचं घडवलं यावरून ठरवावं, तसं हे.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. १९६४पासून त्यांनी टिपणांच्या मालिका चालवल्या. सेन्सर आणि सिम्युलेटर यांची एक, स्पंद आणि यंत्र यांच्या परस्परक्रियेची दुसरी, स्पंदाच्या सिद्धांताची तिसरी, गणिताची वेगळी, मोजणीची वेगळी. प्रत्येक टिपणाला क्रमांक आणि महिना. विषय गुप्त नसेल तर टिपण उघडं. शस्त्रांच्या प्रयोगशाळेत बसून हे करणं सोपं नसावं. काही सैद्धांतिक टिपणं सुरुवातीला गुप्त होती, ती पुढे खुली झाली. पण सेन्सरची भूमिती, तारेत शिरणारा प्रवाह, धातूच्या पेटीतल्या फटीतून आत जाणारं क्षेत्र या गोष्टी निसर्गनियमांच्या आहेत, त्यात लपवायचं काय, अशी ती भूमिका होती. एकट्या सेन्सर आणि सिम्युलेटरच्या मालिकेतच पाचशेहून अधिक टिपणं आहेत.

या टिपणांची एक रीत मला फार भावली. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं : आम्ही काय गृहीत धरलं आहे. तार अनंत लांब मानली आहे, जमीन परिपूर्ण वाहक मानली आहे, हवा कोरडी मानली आहे. मग गणित. त्यामुळे माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरालाही कुठं अडलं ते कळतं आणि तिथपर्यंत मागे जाता येतं.

पाणी, मोरचूद आणि लाकूड

खरा स्पंद नाही, तर नकली तयार करायला हवा. त्यासाठी लाखो व्होल्टचा दाब एका क्षणात सोडणारं यंत्र लागतं. त्याची कल्पना जुनी आहे. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स यांनी ती १९२०च्या दशकात मांडली. दहीहंडीच्या गोविंदांसारखंच ते. सगळे आधी जमिनीवर शेजारी शेजारी उभे असतात, उंची पाच-साडेपाच फूट. इशारा होताच एकमेकांच्या खांद्यांवर चढतात आणि थराची उंची पंचवीस-तीस फूट होते. मार्क्सच्या यंत्रात अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी जोडून भरतात आणि मग ठिणग्यांच्या फटींतून एका क्षणात एकापुढे एक जोडले जातात. प्रत्येकाचा दाब पुढच्यावर चढतो.

ही कला पुढे नेण्यात इंग्लंडच्या ऑल्डरमास्टनमधल्या अण्वस्त्र-संस्थेतले जे. सी. मार्टिन आणि त्यांचे सहकारी आघाडीवर होते. त्यांची यंत्रं पाहिली तर प्रयोगशाळेपेक्षा घरातली माळ्यावरची खोली आठवावी. विद्युतरोधक म्हणून पाणी, प्लास्टिकची पातळ पानं, चिकटपट्टी. आणि रोध म्हणून नळीत भरलेलं मोरचुदाचं पाणी. सुपारीच्या बागेत फवारायला बोर्डो मिश्रण करतो, त्यातलं मोरचूद ते हेच. स्वस्त, आणि अफाट ऊर्जा मुकाट गिळणारं. मार्टिनही औपचारिक निबंधांपेक्षा टिपणंच लिहीत. त्यांची अनेक टिपणं अल्बुकर्कीच्या मालिकांत सामील झाली आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांची यंत्रं ओळखू लागली.

अल्बुकर्कीत एकामागून एक सिम्युलेटर उभे राहिले. सुरुवातीचे होते धातूच्या तारांच्या दोन समांतर पडद्यांसारखे. मध्ये क्षेपणास्त्र किंवा विमान ठेवायचं आणि एका टोकाकडून स्पंद सोडायचा. पण एक अडचण राहिलीच. खरा स्पंद येईल तेव्हा विमान हवेत असेल. जमिनीवर उभ्या विमानाचा प्रतिसाद वेगळा, कारण जमीन स्वतःच लहरी परतवते.

यावर निघालेला तोडगा आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. एका खोलगट जागी सुमारे बारा मजली उंचीचा लाकडी मचाण बांधला. नाव 'ट्रेसल'. ६५ लाख बोर्ड-फूट लाकूड, तेही चिकटवून घडवलेल्या तुळयांचं. धातू लहर बिघडवतो म्हणून बोल्टसुद्धा लाकडी. त्यावर बी-५२सारखं अजस्र बाँबफेकी विमान ढकलत न्यायचं आणि प्रत्येकी पन्नास लाख व्होल्टच्या दोन मार्क्स यंत्रांतून त्यावर स्पंद सोडायचा. विद्युतदृष्ट्या विमान जणू आकाशात. हे सगळं १९८०च्या सुमारास पुरं झालं; खर्च सहा कोटी डॉलरच्या घरात. अणुयुद्ध झालंच तर आपली बाँबफेकी विमानं उडती राहावीत, हा त्यामागचा हेतू. तो विसरून या मचाणाचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही. पण तिथं मोजलेल्या आकड्यांनी विजेपासून विमान वाचवण्याची समजही वाढली, हेही तितकंच खरं आहे.

घंटेचा नाद

विमानांवर असे स्पंद सोडले की सेन्सरवर येणारी नोंद जवळपास नेहमी सारखी दिसे : एक उसळी आणि मग विरत जाणारी थरथर. स्पंद कुठल्याही बाजूनं आला तरी थरथरीची वारंवारता तीच. बाउम यांनी डिसेंबर १९७१मधल्या इंटरॅक्शन नोट क्रमांक ८८मध्ये यातून एक पद्धत मांडली. देवळातली घंटा हातानं वाजवा, काठीनं वाजवा, डावीकडून वाजवा की उजवीकडून; आवाज लहान-मोठा होईल, पण सूर घंटेचाच असेल. तो तिच्या आकारावर आणि धातूवर ठरतो. विमान, तार, जहाज यांनाही असे आपापले सूर असतात. ते एकदा काढले की कुठल्याही ठोक्याला काय उत्तर येईल हे बरंचसं सांगता येतं.

बाँबच्या अभ्यासातून निघालेली ही कल्पना उलट दिशेनंही चालते : सूर ऐकून वस्तू ओळखणं. जमिनीत पुरलेले सुरुंग ओळखण्याच्या प्रयत्नांत तिचा विचार झाला. ज्यासाठी शोध लागला आणि जिथं तो कामी आला, त्या दोन गोष्टी एकच असतात असं नाही.

बोर्दोमध्ये उघडलेली वही

या मंडळींची पहिली मोठी उघडी परिषद १९७८ साली अल्बुकर्कीत भरली. मग दर दोन वर्षांनी भरू लागली. पण अर्धं जग त्यात नव्हतं. सोव्हिएत संघात हाच अभ्यास चालू होता आणि त्याच्या वह्या बंद होत्या.

त्या उघडल्या जून १९९४मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या परिषदेत. हो, मोरचुदाच्या मिश्रणाला ज्या शहराचं नाव आहे तेच. रशियाचे जनरल व्लादिमिर लोबोरेव यांनी तिथं सांगितलेली माहिती ऐकून अमेरिकेतल्या जुन्या लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. स्टारफिशच्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे क्यूबाच्या प्रश्नावरून केनेडी दूरचित्रवाणीवर बोलले त्याच दिवशी, सोव्हिएत संघानं कझाकस्तानवर सुमारे २९० किलोमीटर उंचीवर ३०० किलोटनचा स्फोट केला होता. हवाईच्या स्फोटापेक्षा पाचेक पटींनी लहान. पण खाली समुद्र नव्हता. खाली वस्ती होती, आणि तारा होत्या.

५७० किलोमीटर लांबीच्या टेलिफोनच्या तारेवर मोजणीची यंत्रं लावलेली होती. तीत १५०० ते ३४०० अँपिअरचे प्रवाह नोंदले गेले. तारेचे ४० ते ८० किलोमीटरचे तुकडे होते आणि मध्ये संकेत वाढवून पुढे पाठवणारी रिपीटर केंद्रं. प्रत्येक तुकड्यावरचे फ्यूज आणि संरक्षक नळ्या गेल्या. जमिनीखाली जवळजवळ मीटरभर पुरलेली, कवच असलेली हजार किलोमीटरची वीजतारही बंद पडली, कारण स्पंदाचा तो शेवटचा संथ भाग जमिनीत खोल शिरतो. कारागांडाच्या वीजकेंद्राला आग लागली.

म्हणजे अल्बुकर्कीचे लोक ज्या उत्तरासाठी लाकडाचा डोंगर रचत होते, त्यातलं काही उत्तर बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं होतं. खालच्या लोकांनाही आपले टेलिफोन का गेले हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याही नोंदवहीत 'लाइन फॉल्ट'सारखंच काहीतरी लिहिलं असेल, असं मला उगाच वाटतं.

पुन्हा त्या दिव्यांकडे

मला सगळ्यांत आवडलेलं टिपण यापेक्षा लहान गोष्टीबद्दल आहे. होनोलुलूच्या पथदिव्यांची कथा पुढे इतकी सांगितली गेली की तिची दंतकथा झाली. काहींना ती खरी वाटेना : एवढ्या लांबून दिवे कसे जातील? काहींना ती पुरेना : सगळी हवाई अंधारात बुडाली असं ते सांगू लागले. १९८९ साली सँडिया प्रयोगशाळेतले चार्ल्स व्हिटिटो यांनी सत्तावीस वर्षांनंतर ते प्रकरण पुन्हा काढलं.

होनोलुलूचे ते दिवे दिवाळीच्या जुन्या माळांसारखे एकामागून एक जोडलेले होते. व्हिटिटो यांनी त्या मंडलांची रचना, तारांची लांबी आणि दिशा, फ्यूजची सहनशक्ती आणि त्या ठिकाणी आलेलं क्षेत्र यांचा हिशेब केला. क्षेत्र निघालं मीटरमागे साडेपाच हजार व्होल्टांच्या आसपास. म्हणजे मानकातल्या कमाल आकड्याच्या जेमतेम नववा हिस्सा. निष्कर्ष असा : दिवे त्या स्पंदानं गेले हे हिशेबाशी जुळतं. पण गेले ते शहरातल्या एकूण दिव्यांपैकी शेकडा एकाच्या आसपास. ज्या माळांची तार नेमक्या दिशेनं पसरली होती त्या. बाकीचं शहर उजळलेलं राहिलं.

कथा खरी निघाली, पण तिच्या मापात. भीती घालणाऱ्यांना आणि हसण्यावारी नेणाऱ्यांना, दोघांनाही या टिपणात पूर्ण हवं ते मिळत नाही.

शीतयुद्धानंतर

ट्रेसलवरचं काम १९९१मध्ये थांबलं. तो मचाण वाळवंटाच्या उन्हात वाळत उभा राहिला. अभ्यासकांपुढे आता दुसरा प्रश्न आला : बाँबशिवाय, एखाद्या गाडीत मावेल अशा यंत्रातून कोणी तीव्र स्पंद सोडला तर? १९९९ साली टोरोंटोत आंतरराष्ट्रीय रेडिओविज्ञान संघानं अशा गुन्हेगारी वापराबद्दल सावध करणारा ठराव केला. अणुस्पंदाचा अभ्यास हळूहळू 'उच्चशक्ती विद्युतचुंबकशास्त्र' या मोठ्या नावाखाली आला आणि त्यात आशियातली माणसंही येऊ लागली. बाउम यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलेले आणि या विषयावर पुस्तकं लिहिलेले डी. व्ही. गिरी हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून हार्वर्डला गेलेले. २०१७ साली या समुदायाची आशियाई परिषद बंगळुरूलाच भरली.

मुंबईचाही एक धागा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' नावाचा यंत्रसमूह आहे. नावामुळे त्याच्याभोवती वाट्टेल त्या अफवा उठतात : क्षेपणास्त्रं पाडणारा किरण, हिमकडे कोसळवणारं अस्त्र. 'काली' म्हणजे 'किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर' या शब्दांची आद्याक्षरं. दहा लाख व्होल्टपर्यंतचा दाब आणि हजारो अँपिअरचा इलेक्ट्रॉनझोत, सेकंदाच्या कोटीव्या भागापुरता. मार्क्स आणि मार्टिन यांच्या वंशातलं हे यंत्र; क्ष-किरणांचे झोत आणि सूक्ष्मलहरींचे स्पंद यांच्या अभ्यासासाठीचं, काही टनांचं, जागचं न हलणारं.

अफवा दोन्हीकडे आहेत. एका स्फोटात आख्खा देश महिनोन्‌महिने अंधारात जाईल, असं अमेरिकेत वारंवार सांगितलं गेलं. तिथल्या विद्युत संशोधन संस्थेनं २०१९ साली दिलेला अहवाल सांगतो की एखाद्या विभागाची वीज कोसळू शकते, संरक्षक रिले बिघडू शकतात, म्हणून उपाय करायला हवेत. पण देशभर महिनोन्‌महिने अंधार हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. हा अहवाल सगळ्यांना मान्य नाही. मात्र वाद घालायला दोघांच्या हातात आकडे आहेत, आणि ते आकडे कशावरून आले हे सांगणारी क्रमांक घातलेली टिपणं आहेत.

कार्ल बाउम २ डिसेंबर २०१० रोजी अल्बुकर्कीत वारले. १९६२च्या त्या रात्री उपकरणांपाशी बसलेले लोकही आता फार उरले नसतील. जे त्यांनी ऐकलं ते कोणी पुन्हा ऐकू नये, अशीच आपली प्रार्थना आहे. पण मग त्यांनी काय ऐकलं हे कळण्याचा एकच मार्ग राहतो : त्यांनी काय गृहीत धरलं, काय मोजलं आणि काय मोजता आलं नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं असणं. बंद वहीचा उपयोग बोर्दोपर्यंत कोणाला झाला नाही, ना शत्रूला ना आपल्यांना.

दर वळवात आपल्याकडे किती मीटर, किती टीव्ही, किती डीप्या जळतात! गेल्या काही वर्षांपासून मी एक वही ठेवली आहे. गावात कुठं काही जळलं की जाऊन पाहतो आणि लिहितो. पहिल्या पानावर आमचीच हकीकत आहे : टिपण क्रमांक १. वीज पडलेल्या माडापासून घर दोनशे पावलं. टेलिफोनची तार माडाकडून घराकडे, जमिनीपासून अंदाजे पंधरा फूट. गृहीत : तार सरळ, जमीन ओली. निष्कर्ष : काही हजार व्होल्ट आले असावेत. शंका : विजेचा प्रवाह किती होता, हे मोजलेलं नाही.

वही ओट्यावरच्या कपाटात असते. कुलूप नाही. कोणाला पाहायची असेल त्यानं यावं.